जुनी बोलेरो पिकअप की नवी बीएस-६? गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रस्त्यांवर चौदा महिने

२०२४च्या नोव्हेंबरात मी जुनी बोलेरो पिकअप घेतली. मार्च २०१८ची, बीएस-४ (धुरावरचा आधीचा सरकारी नियम; आताचा बीएस-६), जीए-०४ पासिंग, मीटरवर १,१२,०००. महिन्याभराने माझ्या धाकट्या चुलतभावाने नवीकोरी पिकअप घेतली, १५०० सीसीची बीएस-६. अंगण एकच, दोन्ही गाड्या एकाच फणसाखाली उभ्या राहतात, त्यामुळे तेव्हापासून दोन्ही रोज डोळ्यांसमोर आहेत. आज माझ्या मीटरवर १,४३,००० झालेत. भावाच्या गाडीची कंपनी मुद्दाम लिहीत नाही. पुढे जी कटकट सांगणार आहे ती त्या कंपनीची नाही, वापराची आहे.

आधी काम काय ते सांगतो, कारण इंजिनाचा सगळा हिशोब त्यावरच आहे. माझा माल म्हणजे नारळ, सुपारी, केळी, हंगामात नीरफणस, आणि आठवड्यातून दोनदा बेळगावहून भाजी. बुधवारी डिचोलीचा बाजार, गुरुवारी बाणस्तारी, शुक्रवारी म्हापसा. भाऊ होंडा, साखळी, वाळपई ह्या पट्ट्यात दुकानांना माल पोचवतो. दिवसाला आठ-दहा फेऱ्या, एकेक फेरी चार-पाच किलोमीटरची. गाडी तापते न तापते तोच बंद.

नवी का नाही घेतली? पैसे, दुसरं काय. नवी रस्त्यावर यायला साडेनऊ लाखांच्या पुढे जात होती. टाटा योद्धाही बघून आलो होतो. २१७९ सीसी, १०० हॉर्सपॉवर, २५० न्यूटन मीटर, ओढीला तोड नाही. पण माझा माल दीड टनावर कधी जात नाही आणि एवढ्या ताकदीसाठी हप्ता भरायचा जीव नव्हता.

जुन्यात पाच गाड्या बघितल्या. तिसरीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंजीन एक नंबर. सकाळी थंड असताना अर्ध्या चावीत चालू, धूर नाही, ऑइलचं झाकण काढून ठेवलं तर वाफही येत नव्हती. किंमतही कमी. मी खिशात हात घालणार एवढ्यात डिचोलीचा आमचा मेस्त, म्हणजे मेकॅनिक, म्हणाला, "बरी आसा, पूण सकयल पळय." (बरी आहे, पण खाली बघ.) खाली वाकून त्याने हौद्याच्या मागच्या बाजूला चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत नेली. ठण, ठण, ठण, आणि एका जागी थप्प. तिथे त्याने टोक टेकवून दाबलं तर ते पोपडे सोडवत आत गेलं. वरून नवाकोरा काळा रंग मारलेला. गाडी मालीमच्या जेटीवरून मासळी नेणारी होती. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चासीवर गळत होतं. ही चूक गाडी बनवणाऱ्याची नव्हे, खाली कधी गोडं पाणीच मारलं नव्हतं.

गोव्यात जुनी पिकअप घेताना माझ्या मते पहिला प्रश्न इंजिनाचा नाहीच. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर खारी हवा. इंजीन उघडून बांधता येतं, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलता येतात, पण चासी सडली की गाडी भंगार. म्हणून मी पाचवी घेतली. ती हार्डवेअरवाल्याची, सिमेंट आणि पाइप वाहून मागचे पाटे बसलेले, हौद्याला पोचे. दिसायला तिसरीपेक्षा दरिद्री. पण खालून ठणठणीत. ५,२०,०००ला सौदा झाला.

तरी फसलो असतो. बघायला गेलो तेव्हा बॉनेटवर हात ठेवला तर गरम. मालक म्हणे, "आत्ताच दूध आणायला गेलो होतो." मी म्हटलं, उद्या साडेसहाला येतो, दूध मी आणतो. दुसऱ्या दिवशी थंड इंजीन दोन धक्क्यांनंतर लागलं आणि पांढरट धूर टाकत राहिलं. मेस्ताने निदान केलं, एक इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) आळशी आहे. तेवढ्यावर बारा हजार कमी करून घेतले. निळा धूर असता तर सोडून दिली असती, कारण निळा म्हणजे इंजीन ऑइल पितंय.

आता इंजिनांकडे येतो. माझं २५२३ सीसीचं, चार सिलिंडर, कॉमन रेल, टर्बो. टॉर्क, म्हणजे ओढ, २०० न्यूटन मीटरच्या आसपास, पण तो खालच्या आरपीएमलाच मिळतो, ही खरी गंमत. भावाच्या गाडीत वेग जास्त, आवाज कमी, डिझेलही लिटरमागे तीन-चार किलोमीटर जास्त देते. मला रिकामी-भरलेली मिळून बाराचा ॲव्हरेज पडतो.

सगळे विचारतात, चोर्ल्याचा घाट कशी चढते? अरे, चढताना माझी गाडी बहुतेक वेळा रिकामी असते! भाजी बेळगावहून खाली येते. सव्वा टन कोबी-टोमॅटो घेऊन पहाटेच्या धुक्यात चोर्ल्याहून केरीकडे उतरायचं, तिथे ओढ काय कामाची? तिथे लागतं इंजिनाचं धरणं, म्हणजे इंजिनानेच गाडी रोखून ठेवणं. माझी गाडी तिसऱ्यात टाकून पाय काढला की वळणावळणाने शहाण्यासारखी उतरते, ब्रेक नुसता टेकवायचा. तेवढ्याच मालाने भावाची गाडी तिसऱ्यात सुटते. दुसरा घालावा लागतो आणि मग इंजीन बोंब मारतं. सीसी कमी म्हणजे धरणंही कमी, त्याला इलाज नाही. पहिल्यांदा ती घेऊन उतरलो तेव्हा मी सवयीने तिसऱ्यातच राहिलो. अंजुणे धरणाचं पाणी दिसेपर्यंत ब्रेकचा जळका वास केबिनमध्ये. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं उभा राहिलो.

बीएस-४ आणि बीएस-६ हा फरक कागदावरचा वाटतो, पण रोजच्या वापरात तो फार मोठा आहे. १ एप्रिल २०२०पासून नवी गाडी बीएस-६च विकता येते. डिझेलमधला गंधक ५० पीपीएमवरून १०वर आला. हे डिझेल जुन्या इंजिनालाही चालतं, त्याची काळजी नको. पण नव्या गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी बसली. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल खर्च करून तिला ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं सलग, बऱ्या वेगात धावायला हवी.

भावाची फेरी किती? पाच किलोमीटर. जाळायला सुरुवात झाली की दुकान आलं, चावी बंद. तिसऱ्या महिन्यात दिवा लागला. त्याने दुर्लक्ष केलं. एका रविवारी मी सहज त्याची डिपस्टिक काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. "दादा, बघ, ऑइल अजिबात खात नाही माझी गाडी," म्हणून खूश. मी काडी नाकाशी नेली. डिझेलचा वास. काजळी जाळायला सोडलेलं डिझेल अर्धवट राहून सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरत होतं. ऑइल वाढणं हे कमी होण्यापेक्षा वाईट, कारण पातळ ऑइल बेअरिंग खातं. सर्व्हिस सेंटरात यंत्र लावून जाळी जाळून घेतली, ऑइल बदललं, ७,४०० रुपये. वॉरंटीत बसलं नाही, वापर चुकीचा म्हणे. विकताना मात्र "दिवसाला किती किलोमीटर, सलग किती?" असं कोणी विचारलं नव्हतं.

शोरूमात जाणार असाल तर हे तुम्हीच विचारा. डीईएफची टाकी आहे का तेही विचारा. ते युरियाचं पाणी असतं, ३२.५ टक्क्यांचं. आहे म्हणजे डिझेलबरोबर आणखी एक गोष्ट भरत राहायची.

माझी गाडी धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही. चौदा महिन्यांत ८३,००० घातले. क्लच प्लेट, मागचे पाटे, तो इंजेक्टर, पुढची बेअरिंगं, चार टायरांपैकी दोन. ऐन चवथीच्या आधी माटोळीचा (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांचा) माल भरून म्हापशाला निघालो आणि अस्नोड्याला गाडी धापा टाकायला लागली. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, ग्लासभर पाणी निघालं. पावसाळ्यात तो स्क्रू महिन्यातून एकदा सोडायचा असतो हे मला मेस्ताने सांगितलं होतं, मीच विसरलो. सुपारीचे घोस आणि कांगणी भिजत होती ती वेगळीच.

पैशांत एक गोष्ट नशिबाची. भावाने घेतली तेव्हा मालवाहू गाडीवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ला तो १८वर आला. नऊ लाखांच्या गाडीत सत्तर हजारांचा फरक. त्याच्यासमोर मी हा विषय काढत नाही. आज मी घ्यायला गेलो असतो तर जुन्याचा हट्ट एवढा धरला असता का, शंका आहे. जीएसटी नंबरवाल्या हार्डवेअरच्या दुकानाला तो कर क्रेडिटमध्ये परत मिळतो, त्यांनी नवीच घ्यावी. आमचा नारळ-भाजीचा माल करमुक्त, म्हणून क्रेडिट शून्य. उलट जुन्याच्या कर्जाला व्याज जास्त. मला १४ टक्के लागलं, भावाला साडेनऊ. थर्ड पार्टी विमा दोघांचा सारखाच, तो गाडीच्या वजनावर ठरतो, वयावर नाही.

कागद थोडक्यात. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० दोन्ही सह्यांसकट, आधीचं कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, राज्याबाहेरची असेल तर एनओसी. नंबर घालून चलानं बघून घ्या, माझ्यावर आधीच्या मालकाची तीन निघाली. आरसीवर एकूण वजन ३,००० किलोंच्या वर असेल तर परमिट लागतं. आणि फिटनेसचा दाखला. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दोन वर्षांनी, मग दर वर्षी. माझ्या गाडीची आठ वर्षं मार्च २०२६ची.

नव्या गाडीचा मला हेवा कशाचा वाटतो? पॉवर स्टिअरिंगचा. माझ्यात नाही. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी भरल्या गाडीने रिव्हर्स घेताना दंड भरून येतात. बाकी एसी वगैरे ठीक आहे, खिडकी उघडी ठेवतो.

आता आम्ही एक वाट काढली आहे. बेळगावच्या दोन फेऱ्यांपैकी एक मी भावाच्या गाडीने करतो. सलग धावते, जाळी आपोआप साफ होते, घाटात मी निमूट दुसरा घालतो. जुलैपासून दिवा लागलेला नाही आणि डिपस्टिकवर ऑइल जिथे हवं तिथे आहे. त्या दिवशी भाऊ माझ्या गाडीने दुकानं करतो आणि संध्याकाळी फणसाखाली चावी फेकताना खांदा चोळत म्हणतो, "दादा, हे स्टिअरिंग आहे की जातं?"