केळी वेफर्सचं वेगळेपण दाखवायला: चार घरांची मॅट्रिक्स की खुणांचा तक्ता?

रावेर-यावलकडचा बचत गट केळी वेफर्स घेऊन जळगावच्या घाऊक व्यापाऱ्यासमोर बसला, की व्यापाऱ्याचं लक्ष जेमतेम एका स्लाइडपुरतं मिळतं. ती कशी असावी?

तक्ता बनवायला सोपा. डावीकडे गुण, वर स्पर्धकांची नावं, मध्ये बरोबर आणि फुली. पण आपल्या रकान्यात सगळीकडे बरोबरच येतं (गुण निवडणारे आपणच ना!) आणि मुरलेला व्यापारी ते लगेच ओळखतो.

मॅट्रिक्सला दोनच अक्ष, एक आडवा आणि एक उभा. त्यांनी चार घरं पडतात आणि आपण व प्रत्येक स्पर्धक त्यात एकेक ठिपका. खरा घाम गाळायचा तो हे अक्ष निवडताना. किंमत आणि दर्जा घेतले तर बहुतेक ठिपके तिरक्या रेषेत रांग लावतात, कारण बाजारात दोन्ही बरोबरच चढतात. त्यापेक्षा आडवा अक्ष किमतीचा आणि उभा केळीच्या ओळखीचा घ्या: खाली कुठलीही केळी, वर जळगावची. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख) मिळालंय. मात्र ते नाव पाकिटावर मिरवायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी.

रिकामं घर दिसलं म्हणून लगेच हुरळू नका. तिथे गिऱ्हाईकच नसेल. व्यवसायातल्या डावपेचांचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९८० साली कमी खर्च आणि वेगळेपण यांच्या अधेमधे अडकलेल्यांना धोक्याचा इशारा दिला होता. आपला ठिपका नेमका मधोमध पडत असेल, तर स्लाइड नव्हे, माल बदला.

माझं मत मॅट्रिक्सला. तक्ता छापून सोबत न्या. व्यापाऱ्याने टिकाऊपणा, वजन, तेल विचारलं की पुढे सरकवा.