एसएसीडी प्लेयर घ्यायचा की युनिव्हर्सल? आधी डिस्क का लागत नाही ते बघा

नवीन प्लेयर शोधणाऱ्या बऱ्याच जणांची गोष्ट एकाच ठिकाणी सुरू होते, हौसेने मागवलेली महागडी डिस्क घरच्या प्लेयरवर लागत नाही. मग दुकानदार म्हणतो वरचं मॉडेल घ्या, ओळखीतलं कोणीतरी म्हणतं जपानहून सेकंडहँड मागव, आणि पैसे गेल्यावर कळतं की प्लेयर ठीकच होता, केबल भलतीकडे लावलेली होती. म्हणून दोन्ही पर्याय समोरासमोर ठेवतो. एकीकडे स्टिरिओ एसएसीडी-सीडी प्लेयर (एसएसीडी म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या आवाजाची डिस्क), म्हणजे डेनॉन डीसीडी-१७००एनई किंवा मरांट्झ एसएसीडी ३०एन या पठडीतले. दुसरीकडे एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, ब्लू-रे असं सगळं घेणारे युनिव्हर्सल, म्हणजे सोनी यूबीपी-एक्स८००एम२, मॅग्नेटार यूडीपी८००, आणि सेकंडहँडमध्ये ओप्पो यूडीपी-२०३. माझं स्पष्ट मत, निवड कपाटातल्या डिस्क बघून करा, ब्रोशर बघून नको.

कपाट उघडून आधी डिस्क वेगळ्या करा. एसएसीडी सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये आणली, तिच्यातही दोन प्रकार आहेत. हायब्रिडमध्ये एक सीडीचा थर आणि एक एसएसीडीचा थर असतो, सीडीचा थर ७८० नॅनोमीटरच्या लेसरने वाचला जातो आणि एसएसीडीचा ६५० च्या, म्हणून हायब्रिड साध्या सीडी प्लेयरवरही वाजते, फक्त सीडीच्या दर्जात. पण जपानी एसएचएम-एसएसीडीमध्ये सीडीचा थर नसतोच. ती साध्या प्लेयरमध्ये टाकली की नो डिस्क येतं आणि माणूस विक्रेत्याशी भांडत बसतो, डिस्क बिचारी ठणठणीत असते. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवरही एसएसीडीचा थर वाचता येत नाही, त्यामुळे तिथे टाकून "डिस्क खराब आहे" असं ठरवू नका.

डीव्हीडी-ऑडिओचं, म्हणजे डीव्हीडीवर उच्च दर्जाचं संगीत भरलेल्या डिस्कचं, वेगळंच आहे. या डिस्कवर बहुतेक वेळा एक व्हिडिओ विभागही असतो, त्यात डॉल्बी किंवा डीटीएसचा आवाज, त्यामुळे कुठलाही डीव्हीडी प्लेयर ती वाजवतो आणि लोकांना वाटतं आपण २४ बिट ऐकतोय. खरा हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा आवाज ऑडिओ विभागात असतो आणि तो वाचायला डीव्हीडी-ऑडिओ लिहिलेलाच प्लेयर लागतो. वर सांगितलेले स्टिरिओ एसएसीडी प्लेयर ही डिस्क घेत नाहीत. ऑडिओ ब्लू-रेही घेत नाहीत, तिला ४०५ नॅनोमीटरचा लेसर लागतो आणि तो यांच्यात नसतो. म्हणजे कपाटात या दोन जातीच्या डिस्क बऱ्यापैकी असतील तर तुमचा निर्णय झालाच, युनिव्हर्सल. आणि महाग फोर-के प्लेयर म्हणजे सगळं चालणार असंही नाही, पॅनासॉनिक डीपी-यूबी८२० चित्राला उत्तम पण एसएसीडी वाजवत नाही. गेमिंगवाल्यांसाठी, पीएस-३ ची सुरुवातीची जाडी मॉडेल्स एसएसीडी वाजवायची, नंतरची स्लिम नाही, आणि पीएस-५ तर साधी ऑडिओ सीडीसुद्धा घेत नाही.

आता प्लेयर हातात आहे, एसएसीडी त्याला चालते असं लिहिलंय आणि तरी लागत नाही. एका मित्राकडे जपानहून आलेला जुना प्लेयर होता, सीडी टाकली की लगेच चालू, एसएसीडी टाकली की रीडिंग, रीडिंग, आतून टिक टिक, आणि मग नो डिस्क. डिस्क पुसली, दुसरी लावली, तेच. याचा अर्थ जवळपास नेहमी एकच निघतो, ६५० वाला लेसर थकलाय किंवा लेन्सवर धूळ-बुरशी बसलीय, आणि सीडीचा लेसर वेगळा असल्यामुळे तो मजेत चालू असतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या मशीनला हे व्हायचंच. लेन्स साफ करून बघावी, नाही जमलं तर पिकअप (लेसर-लेन्सचा भाग) बदलावा लागतो, आणि इथे नवीन एसएसीडी प्लेयर पुढे जातो कारण पार्ट आणि सर्व्हिस मिळायची शक्यता असते. ओप्पोने २०१८ मध्ये नवीन प्लेयर बनवणं थांबवलं, त्यामुळे सेकंडहँड ओप्पो कितीही गुणी असला तरी लेसर गेला तर पार्ट शोधत फिरावं लागेल, हे किंमत ठरवताना धरा.

त्याहून फसवा प्रकार म्हणजे डिस्क लागते पण भलता थर वाजतो. हायब्रिड टाकली, एसएसीडीचा थर नीट वाचला गेला नाही किंवा सेटिंगमध्ये सीडी निवडलेली राहिली, की काही प्लेयर गुपचूप सीडीचा थर वाजवतात आणि माणूस महिनोन् महिने तेच ऐकतो. डिस्प्लेवर एसएसीडी अक्षरं किंवा दिवा लागलाय का एवढं बघा. स्टिरिओ प्लेयरवर हे एका नजरेत दिसतं. सोनी एक्स८००एम२ ला पुढे डिस्प्लेच नाहीये, टीव्ही लावल्याशिवाय काय चाललंय कळत नाही, नुसतं गाणं ऐकायला बसणाऱ्याला हे रोजचं डोकं खाणं आहे आणि मला तरी ही त्या प्लेयरची सगळ्यात मोठी उणीव वाटते, बाकी त्या पैशात एवढ्या डिस्क घेणारं दुसरं काही पटकन सापडत नाही.

सर्वात जास्त गोंधळ जोडणीत होतो. स्टिरिओ एसएसीडी प्लेयरला बाहेरचा डॅक (डिजिटल आवाज ॲनालॉग करणारी पेटी) ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल डिजिटल केबलने लावला, सीडीचा आवाज मस्त येतो आणि एसएसीडी लावली की सन्नाटा. बिघाड नाही हा. कॉपी-संरक्षणाच्या नियमांमुळे एसएसीडीचा डीएसडी (तिच्यावरच्या डिजिटल आवाजाचा प्रकार) आवाज या आउटपुटमधून सोडत नाहीत. प्लेयरचे लाल-पांढरे ॲनालॉग आउटपुट वापरा, तिथे येतो. म्हणजे ज्याला आपला महागडा डॅकच वापरायचाय त्याने फक्त एसएसीडीसाठी असा प्लेयर घेण्याआधी दोनदा विचार करावा. डीव्हीडी-ऑडिओचंही तसंच, ऑप्टिकलमधून गेलाच तर बहुतेक ४८ किलोहर्ट्झवर उतरवून जातो.

युनिव्हर्सलचा रस्ता एचडीएमआय. डीव्हीडी-ऑडिओला निदान एचडीएमआय १.१ आणि डीएसडीला १.२ लागतं, त्यामुळे जुन्या रिसीव्हरवर (एचडीएमआय घेणारा, अनेक स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) चित्र येतं आणि आवाज येत नाही असं होतं. अशा वेळी प्लेयरच्या मेनूत डीएसडी आउटपुट बंद करा, मग तो त्याचं पीसीएम, म्हणजे सीडीवर असतो तसा साधा डिजिटल आवाज, करून पाठवतो आणि आवाज सुरू होतो. ही एक सेटिंग बदलून सुटणारी तक्रार लोक प्लेयर बदलून सोडवायला जातात, फार वाईट वाटतं बघून. मल्टीचॅनल डिस्क दोनच स्पीकरवर वाजत असेल तर प्लेयरमध्ये एसएसीडीसाठी टू-चॅनल निवडलेलं आहे का ते तपासा. आणि प्लेयर टीव्हीला आणि टीव्ही एआरसीने (टीव्हीकडून आवाज परत पाठवणारी एचडीएमआय जोडणी) ॲम्प्लिफायरला अशी जोडणी असेल तर हाय-रेझ विसरा, प्लेयर आधी रिसीव्हरला लावा, तिथून टीव्हीला.

एक लक्षात ठेवा, सोनी एक्स८००एम२ ला ॲनालॉग आउटपुट नाहीत. घरात दोन चॅनलचा जुना ॲम्प्लिफायर असेल, रिसीव्हर नसेल, तर हा तुमच्या कामाचा नाही. मॅग्नेटार यूडीपी८०० ला स्टिरिओ ॲनालॉग आहेत, यूडीपी९०० ला मल्टीचॅनलही, पण खिसा तेवढा मोठा लागतो.

स्वतः बर्न केलेल्या डिस्क असतील तर डेनॉन-मरांट्झवाल्यांकडे थोडी जास्त आशा असते, यातले काही प्लेयर डीव्हीडी-आरवर डेटा म्हणून टाकलेल्या डीएसडी आणि फ्लॅक फाइल घेतात, मॉडेलचं मॅन्युअल बघूनच ठरवा.

रीजनची, म्हणजे डिस्क ठरावीक देशांतल्याच प्लेयरवर चालण्याच्या बंधनाची, भीती फार नको. एसएसीडीला रीजन नसतो, ब्लू-रेच्या बाबतीत भारत सी मध्ये येतो पण ऑडिओ ब्लू-रे सहसा रीजन-फ्री असतात, कॉन्सर्टच्या डिस्कना मात्र बघून घ्या. जपानी प्लेयरला मात्र व्होल्टेज बघाच, तिकडे १०० व्होल्ट आणि आपल्याकडे २३०, चांगल्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावलात तर पहिल्याच सेकंदाला पॉवर सप्लाय जातो.

माझ्यापुरतं सांगायचं तर, जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर, बहुतेक सीडी आणि वीस-तीस एसएसीडी असा संसार असेल तर डेनॉनसारखा एसएसीडी प्लेयर घ्यावा, शांतपणे डिस्क टाकून ऐकता येतं. रिसीव्हर आणि पाच स्पीकर आहेत, डीव्हीडी-ऑडिओ किंवा ब्लू-रे आहेत, तर सोनी, आणि ॲनालॉग हवंच असेल तर मॅग्नेटार. सेकंडहँड बघायला जाताना एक हायब्रिड, एक फक्त एसएसीडी थराची आणि एक डीव्हीडी-ऑडिओ खिशात घेऊन जा, तिन्ही शेवटच्या ट्रॅकपर्यंत उड्या मारून बघा, कारण थकलेला लेसर बहुतेक डिस्कच्या बाहेरच्या कडेला अडखळतो, आणि विक्रेता हमखास पहिला ट्रॅक लावूनच दाखवतो.