फिनिशिंगसाठी आधी उतार पाहावा, मग कटर

सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मिलिंग मशीनवर वक्र पृष्ठभागाच्या फिनिशिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या बारीक कापणीत, अनेक जण हाताशी असलेला बॉलनोज (अर्धगोल टोकाचा कटर) आधी ठरवतात आणि टूलपाथ (कटर जाण्याचा मार्ग) नंतर शोधतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण कोणता टूलपाथ निभावेल हे जॉबचा, म्हणजे कापायच्या वस्तूचा, उतारच सांगतो.

समांतर पाथ, म्हणजे एकमेकांना समांतर ओळींत जाणारा मार्ग, मंद उतारावर खुलतो. १० मिमी बॉलनोज आणि ०.३ मिमी स्टेपओव्हर (शेजारच्या दोन ओळींमधले अंतर) घेतल्यास सपाट भागावर दोन ओळींमधला उंचवटा जेमतेम २.२५ मायक्रॉन उरतो. मात्र ओळी उताराला आडव्या असतील, तर ६०° वर पृष्ठभागावरचे अंतर दुप्पट आणि उंचवटा चौपट, म्हणजे ९ मायक्रॉन होतो. कॉन्स्टंट झेडचे, म्हणजे एकेका उंचीवर फेरी मारून टप्प्याटप्प्याने खाली उतरणाऱ्या पाथचे, दुखणे नेमके उलट आहे: उभ्या भिंतीवर तो नितळ चालतो, पण १०° उतारावर ०.३ मिमीचा प्रत्येक उतरता टप्पा पृष्ठभागावर सुमारे १.७ मिमी पसरतो आणि तिथल्या पायऱ्या नखाला लागतात. म्हणून ४५° च्या आसपास सीमा धरून दोन्ही पाथ वापरावेत आणि जोडावर ते थोडे एकमेकांवर चढू द्यावेत. स्कॅलप पाथ पृष्ठभागावर ओळींमधले अंतर सगळीकडे सारखे राखतो, पण ओळी जिथे आत येऊन मिळतात तिथे पॉलिशनंतरही दिसणारी रेघ सोडू शकतो.

कटरमध्ये बॉलनोज सर्वांत सोयीचा असला तरी त्याच्या टोकाचा वेग शून्य असतो, हे सहज विसरले जाते. सपाट भागावर ०.२ मिमी खोलीला १० मिमीचा बॉलनोज प्रत्यक्षात २.८ मिमी व्यासापर्यंतच कापतो. त्यामुळे १०,००० आरपीएमला कागदावर ३१४ मीटर प्रतिमिनिट दिसणारा कटिंग स्पीड तिथे ८८ च्या पुढे जात नाही, आणि अगदी टोकाशी धातू कापला न जाता घासला जातो. पाच अक्षांच्या मशीनवर कटर १५° कलवला की ही अडचण बरीच सुटते. तीन अक्षांवर सपाट तळासाठी मी बुलनोजच (सपाट तळाचा, गोलसर कोपऱ्यांचा कटर) घेईन, कारण त्याचा सपाट तळ मोठ्या स्टेपओव्हरलाही उंचवटे ठेवत नाही. पण त्याच्या कोपऱ्याची त्रिज्या १ मिमी असेल, तर उभ्या भिंतीवर ०.३ मिमीच्या टप्प्याला ११ मायक्रॉनचे उंचवटे येतात. बॅरल कटरची (पिंपासारख्या फुगीर बाजूच्या कटरची) बाजूच्या वक्राची त्रिज्या २५० मिमी असल्यास ३ मिमी स्टेपओव्हरलाही उंचवटा ४.५ मायक्रॉनवर थांबतो, मात्र त्याचा खरा लाभ पाच अक्षांवर आणि मोकळ्या पृष्ठभागावरच मिळतो.

आतल्या कोपऱ्यांसाठी पेन्सिल पाथ (फक्त कोपऱ्याच्या रेषेवरून जाणारा) वेगळा ठेवावा आणि कटरची त्रिज्या कोपऱ्याच्या त्रिज्येपेक्षा लहान घ्यावी. दोन्ही सारख्या असल्या की कटर कोपऱ्यात एकदम भरून कापतो आणि चॅटरच्या (कटरच्या थरथरण्याच्या) खुणा उमटतात.