गोदामावर पत्रा कोणता: साधा जस्ताचा की गॅल्व्हल्यूम?

कोकणात खारा, दमट वारा पत्रा खातो. तिथे गॅल्व्हल्यूम उजवाच. त्याच्या पोलादी पत्र्यावरच्या थरात ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असतं. आपल्या हिंगणघाट-वणीकडे खारं वारं नाही. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, टिनाखाली कापसाचे बोरे उचलणाऱ्या हमालांचे हाल होतात. गॅल्व्हल्यूम ऊन जास्त परतवतो, म्हणून गोदामाला मी तोच घेईन. जस्ताचा पत्रा स्वस्त, शिवाय कापलेली कड तो गंजापासून जास्त चांगली सांभाळतो.

गोठ्यावर किंवा कोंबड्यांच्या शेडवर मात्र गॅल्व्हल्यूम अजिबात टाकू नका. शेण-मुताचा अमोनिया त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमचा थर खातो. ओल्या सिमेंटलाही तो टेकू देऊ नका, मिस्त्रीला आधीच बजावून ठेवा.