खिशातला रेकॉर्डर, दहा महिने वापरून: सेल काढले की हा सगळं विसरायचा

हा रिव्ह्यू मी मार्चमध्ये रागाच्या भरात अर्धा लिहून ठेवला होता, १ स्टारचा. आता सप्टेंबरमध्ये पुरा करतोय. मत बदललंय, राग गेला नाहीये, फक्त तो कोणावर आहे ते बदललंय. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, डोक्यावर कात्रीसारखे दोन माइक असलेला, बारा हजारांच्या आसपासचा रेकॉर्डर म्हटलं की ज्यांना घ्यायचाय त्यांना कळेल. स्पेक्स सगळीकडे आहेत.

घेतला कशासाठी ते सांगतो, कारण माझा वापर थोडा वेगळा आहे. आमचा पुण्यातला हौशी कॉयर, ३४ जण, बँकेतले, शाळेतले, दोन नर्स, चार आवाजांत गातो, थोडं युरोपियन चर्च संगीत आणि थोडे आम्हीच चार आवाजांत बसवलेले अभंग. जूनमध्ये जर्मनीत सॅक्सनीचा दौरा ठरला, लाइपझिग, ड्रेस्डेन आणि एल्बे नदीकाठची गावं. स्पॉन्सर कोणी नाही, प्रत्येकाने स्वतःचं तिकीट काढायचं. जागा चुकली तर ३४ जणांचे पैसे आणि रजा पाण्यात. म्हणून फेब्रुवारीत ताई (आमच्या कंडक्टर, वयाने मोठे असलेलेही त्यांना ताईच म्हणतात) आणि मी आठ दिवस जाऊन १४ चर्च बघून आलो. नुसत्या शेंगेन व्हिसाचेच माणशी ९० युरो, त्यात फेब्रुवारीतली थंडी, म्हणजे परत बघायला येऊ हा पर्यायच नव्हता. जे काय रेकॉर्ड करून आणू त्यावरच पुण्यात बसून ठरवायचं होतं.

चर्चमध्ये गाताना सगळा खेळ घुमाऱ्याचा असतो. आवाज बंद केल्यावर तो ६० डेसिबल खाली यायला किती सेकंद लागतात, तो त्या जागेचा घुमारा. संथ, लांब स्वरांच्या गाण्याला चार सेकंदसुद्धा गोड लागतात, पण अभंगात शब्द भराभर येतात, तिथे अडीचच्या वर गेलं की एका ओळीवर दुसरी ओळ चढते आणि सगळा लगदा होतो. मोजायची पद्धत सोपी आहे. परवानगी घेऊन दोन फळ्या एकमेकांवर जोरात आपटायच्या, रेकॉर्ड करायचं, मग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून आवाज उणे ५ वरून उणे २५ डेसिबलवर यायला किती वेळ लागला ते बघायचं आणि त्याला तीनने गुणायचं. ऑडॅसिटी फुकट आहे, फळ्या सुताराने फुकट दिल्या, म्हणून खर्च काय तो रेकॉर्डरचाच. मी चिपळ्याही नेल्या होत्या, पण मोठ्या चर्चमध्ये त्यांचा आवाज कमी पडतो.

आता मुख्य तक्रार. बाकी सगळं वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा. या रेकॉर्डरला ऑटो लेव्हल आहे. आवाज मोठा आला की तो स्वतःच लेव्हल खाली घेतो, आवाज लहान झाला की वर चढवतो. मीटिंग रेकॉर्ड करायला ठीक, घुमारा मोजायला विष. फळी आपटली की लेव्हल खाली, आणि घुमारा विरायला लागला की हा त्याला उचलून धरतो, म्हणजे दोन सेकंदांत मेलेला आवाज फाइलमध्ये चार सेकंद जिवंत दिसतो. हे मला माहीत होतं, मी पुण्यातच ऑटो लेव्हल बंद करून निघालो होतो. जे माहीत नव्हतं ते हे, की सेल काढले की हा तारीख, वेळ आणि सगळ्या सेटिंग्ज विसरतो आणि कारखान्यातून आला तसा होतो. ऑटो लेव्हल परत चालू. स्क्रीनवर त्याची खूण भाताच्या शिताएवढी.

आणि मी चार्जिंगवाले सेल वापरतो, कारण साधे सेल आठ दिवसांत किती लागले असते हिशेब करा. रोज रात्री हॉटेलवर सेल काढून चार्जरला लावायचे, सकाळी परत घालायचे. म्हणजे पहिला दिवस, लाइपझिग, बरोबर. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस प्रत्येक फाइल चुकीची.

तिथे असताना शंका यावी असं काहीच घडलं नाही. लाइपझिगला आम्ही शुक्रवारी संध्याकाळी ६ ला थॉमसकिर्शमध्ये मोटेट (कॉयरने गायचं धार्मिक संगीत) ऐकायला बसलो, संगीतकार बाख १७२३ पासून १७५० ला जाईपर्यंत जिथे कांटोर (चर्चचा संगीतप्रमुख) होता तेच चर्च, त्याची कबरही आत आहे, आणि तिथला मुलांचा कॉयर १२१२ पासूनचा. (तिथे गायची आमची लायकीही नाही आणि तारीखही मिळाली नसती, आम्ही कान तयार करायला गेलो होतो.) मग ड्रेस्डेनचं क्रॉइत्सकिर्श, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात आतून जळालेलं, नंतर उभं केलं तेव्हा भिंतींना नक्षी न करता खडबडीत गिलावाच ठेवला, साधारण ३००० माणसांची जागा. एवढ्या मोठ्या जागेत मोठा आकडा आला तर कोण शंका घेणार? फ्रायबर्गच्या कॅथीड्रलमध्ये झिल्बरमान या कारागिराने बांधलेला १७१४ चा ऑर्गन बघितला. त्याची पट्टी इतकी चढी, की आजची पांढरी सहा ४४० हर्ट्झला असते तर त्याची ४७६ च्या आसपास, म्हणजे आपल्या काळी पाचच्याही वर. त्याच्याबरोबर गायचं तर आमच्या सोप्रानो (सगळ्यात उंच आवाजाच्या बायका) रडल्या असत्या. ताईंनी तिथल्या तिथे ठरवलं की दौऱ्यात ऑर्गन कुठेच नाही, सगळं नुसत्या आवाजात.

सहाव्या दिवशी एल्बेकाठच्या एका गावातलं छोटं चर्च बघितलं. वर रंगवलेलं सपाट लाकडी छत, तिन्ही बाजूंनी लाकडी गॅलऱ्या, तीनेकशे माणसं बसतील. ताईंनी मधोमध उभं राहून अभंगाची एक ओळ म्हटली आणि थांबल्या. म्हणाल्या, "इथे शब्द कळतील हो." किल्ली उघडून देणारे आजोबा शेवटच्या बाकावर टोपी काढून बसले होते, त्यांनी हाताने खूण केली, अजून एक.

पुण्यात आल्यावर फाइल उघडली तर त्या चर्चचा घुमारा ४.४ सेकंद. कमिटीच्या मीटिंगला मी आकड्यांचा तक्ता घेऊन गेलो आणि ते चर्च यादीतून काढलं. ताई तेव्हा मला एवढंच म्हणाल्या, "तुमचं यंत्र काय म्हणतंय ते ठीक आहे, पण मी तिथे उभी होते." मला रात्रभर झोप लागली नाही. लाकूड आवाज पितं, एवढ्याशा लाकडी खोक्यात साडेचार सेकंद येतीलच कसे. सकाळी ६ ला, दूधवाला यायच्या आधी, आमच्या सोसायटीच्या जिन्यात फळ्या घेऊन गेलो. ऑटो लेव्हल चालू ठेवून ३.३, बंद करून १.५. तोच जिना, तीच फळी.

चुकीच्या फाइलमधून बरोबर आकडा परत काढता येत नाही, कारण लेव्हल कधी किती चढवली त्याची नोंद यंत्र ठेवत नाही. त्यातून तारखाही पुसलेल्या, रोज १ जानेवारी, त्यामुळे काही फाइल कुठल्या चर्चच्या तेच कळेना. दोन चर्च तर मी मागे वाजलेल्या घंटेवरून ओळखली, एकाची पाव तासाची घंटा जाड आवाजाची आणि दुसऱ्याची किणकिणणारी. तेव्हापासून नियम केलाय, रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी स्वतःच्या आवाजात गावाचं नाव, चर्चचं नाव, किती वाजले आणि आत किती माणसं ते बोलायचं. रेकॉर्डर कुठलाही घ्या, हे करा.

दौरा वाचवला तो ताईंच्या वहीने. त्या प्रत्येक जागी स्वर लावून तोडायच्या आणि पायाने मात्रा मोजायच्या, सेकंदाला एक. वहीत त्या गावापुढे लिहिलेलं होतं, दोन मात्रा, लाकूड, छान. १४ च्या १४ चर्चच्या मात्रा होत्या. मी पहिल्या दिवशीच्या लाइपझिगच्या बरोबर फाइल्स त्यांच्या मात्रांशी ताडून बघितल्या, पाव-अर्ध्या सेकंदाचा फरक. मग सगळी निवड वहीवरून परत केली आणि गावातलं चर्च यादीत वर आलं. तिथल्या कांटोरला मेल लिहिताना मी सगळं खरं कळवलं, तीन दिवसांत तारीख मिळाली.

आता सर्व्हिस. मार्चमध्ये मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला पाठवला, कुरिअर माझ्या खर्चाने. तीन आठवडे. फोन केला की, "सर, बघतायत." शेवटी परत आला तो कागदासकट, ‘यंत्र चालू स्थितीत आहे, दोष आढळला नाही.’ मी फोन करून विचारलं, सेल काढून घालून बघितलं का? म्हणाले, "सर, सेल काढल्यावर सेटिंग जाणारच, या मॉडेलमध्ये असंच असतं." मी मान्य केलं. इथपर्यंत लिहून १ स्टार दिला होता आणि लोकांना सांगत सुटलो होतो की डिझाइनच गाढवपणाचं आहे.

जूनमध्ये दौरा झाला. मी साधे सेल घेतले, एकदा घातले ते शेवटपर्यंत काढलेच नाहीत, आणि यंत्राने जे काम केलं त्याला तोड नाही. आवाज स्वच्छ, मागची खरखर जवळजवळ नाही, आल्टो (बायकांचा खालचा आवाज) आणि टेनर (पुरुषांचा उंच आवाज) वेगवेगळे ऐकू येतात, स्टँडवर लावून विसरून जावं. फक्त हातात धरून रेकॉर्ड करू नका, बोटं घासल्याचा आवाज येतो. गावातल्या चर्चमध्ये १८० च्या आसपास माणसं आली, प्रवेश फुकट आणि जाताना दारात दान, तिकडे बाहेरच्या कॉयरचं बऱ्याचदा असंच असतं. भरलेल्या चर्चचा घुमारा कमी होतो हे पुस्तकात वाचलं होतं. हार्वर्डमध्ये १८९५ पासून सॅबिन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने रात्री-रात्री गाद्या आणून मांडून हेच मोजलं होतं, आणि बसलेला एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीएवढा आवाज गिळतो असा ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने दोन सेकंदांचे दीडच्या खाली यायला हवे होते. शेवटच्या अभंगानंतर टाळ्या पडायच्या आधी लोक थांबले, त्यामुळे मोजता आलं: १.४. प्रत्येक शब्द कळतोय. मराठी न कळणाऱ्या लोकांना शब्द कळून काय उपयोग असं आमच्यातल्या एकाने आधी विचारलं होतं, पण आजोबांनी नंतर विठ्ठल हा शब्द बरोबर म्हणून दाखवला.

जे सॅक्सनीत जागा बघायला जातील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. गाण्यांचे हक्क शिल्लक असतील तर गेमा नावाच्या, संगीताच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेला कार्यक्रमाची यादी द्यावी लागते, चर्चवाल्यांना आधीच विचारा, आमच्या यादीत रचनाकार जाऊन ७० वर्षं झालेलेच होते म्हणून सुटलो. आणि संध्याकाळी ६ ची घंटा कुठे किती वेळ वाजते ते तिथे थांबून ऐका, एका ठिकाणी त्यापायी आम्ही कार्यक्रम साडेसातला नेला. हो, आणि बऱ्याच जुन्या चर्चमध्ये बाथरूम नसतं, ३४ जण असतील तर हे घुमाऱ्याइतकंच महत्त्वाचं आहे.

ऑगस्टमध्ये आमच्या एका टेनरने तोच रेकॉर्डर घेतला. मी त्याला सेलचं बजावून सांगितलं, तर तो म्हणाला, माझ्यात तर काहीच जात नाही. मी माझ्या हाताने त्याचे सेल काढले, अर्धा तास ठेवले, घातले. तारीख बरोबर. ऑटो लेव्हल बंद ती बंदच. म्हणजे ‘असंच असतं’ हे खोटं होतं. दुसऱ्या दिवशी माझा घेऊन बुधवार पेठेत गेलो, कीबोर्ड आणि अँप दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे. त्यांनी चार स्क्रू काढले आणि आत मसुराएवढा एक सेल दाखवला, मुख्य सेल नसताना आठवण टिकवायचं काम त्याचं. त्याचा सोल्डरचा एक टाका कोरडा होता, पहिल्या दिवसापासून. काकांनी टाका परत मारला, सेलही बदलला, १८० रुपये, पंधरा मिनिटं. तीन आठवडे मुंबईत पडून होतं यंत्र, आणि चार स्क्रू कोणी काढले नाहीत. नुसतं सेल काढून घालून जरी बघितलं असतं.

म्हणून यंत्राला ४ स्टार, सर्व्हिसला शून्य, सरासरी काढायची नाही. नवीन घेतलात तर घरी आल्या आल्या तारीख लावा, ऑटो लेव्हल बंद करा, सेल काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. परत करायची मुदत संपायच्या आत.

माझा मी काल रात्री परत सेल काढून ठेवला होता. आज सकाळी तारीख बरोबर होती.