नंबर प्लेट गेली: ‘गहाळ’ नोंदवायची की ‘चोरी’?

मेहुण्याची स्कूटर सोसायटीच्या पार्किंगमध्येच उभी होती. सकाळी बघतो तर मागची नंबर प्लेट नाही. मडगार्डवर दोन भोकं आणि प्लेटखाली धूळ न बसलेला चकचकीत चौकोन तेवढा उरलेला. वॉचमन म्हणाला, “गाडी आहे ना साहेब, प्लेटच तर गेली.” मेहुण्यालाही ते पटलं. तो कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याकडे निघालाच होता, मी अडवलं.

अशा वेळी दोन वाटा दिसतात. पहिली घरबसल्या. पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘गहाळ वस्तू’ची नोंद करायची, लगेच पावती हातात. रांग नाही, कुणाचे प्रश्न नाहीत. पण ही सोय हरवलेल्या वस्तूंसाठी आहे, चोरीला गेलेल्यांसाठी नव्हे. त्यात प्लेट पडली, हरवली असं तुम्ही स्वतःच लिहून देता. उद्या त्या नंबरावर दुसऱ्याच गाडीने काही उद्योग केला तर तुमचाच कागद तुमच्या फारसा कामाला येत नाही.

दुसरी वाट पोलीस ठाण्याची. इथे अर्धा दिवस जातो, आणि “गहाळ टाका, लवकर होईल” हा सल्लाही फुकट मिळतो. जाण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) मध्ये पाच हजारांहून कमी किमतीच्या मालाची पहिलीच चोरी हलकी धरली आहे, आणि ती अदखलपात्र आहे. त्यामुळे एफआयआरऐवजी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हातात पडली तर दर वेळी टाळाटाळच झाली असं समजू नका. एनसीवर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत, हे खरं. पण तिच्यावर तारीख, नंबर आणि ‘चोरी’ हा शब्द असतो. प्लेट सापडेल ही आशा मला तशीही नव्हती. मला हवा होता तो हा शब्द. म्हणून माझं मत सरळ दुसऱ्या वाटेला.

मेहुण्याच्या बाबतीत ते दोन महिन्यांत कामी आलं. चलान आलं, फोटोत काळी बाईक. याची स्कूटर पांढरी. ई-चलानच्या ऑनलाइन तक्रारीत गाडीचे फोटो आणि एनसी जोडली. अशा वेळी “पाचशे रुपयांसाठी कोण भांडणार” म्हणून भरून टाकू नका. भरलं म्हणजे कबूल केलं.

आता चोरी होऊच नये म्हणून काय? जुनी प्लेट दोन स्क्रूंवर असते, पेचकस असला की झालं. एचएसआरपीला, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटला, स्नॅप लॉक असतं. ते एकदा बसलं की फोडूनच काढावं लागतं आणि पुन्हा वापरता येत नाही. शिवाय डावीकडे खाली लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो. त्याचा फोटो आजच काढून ठेवा, तक्रारीत लागतो. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या दुचाकीला हा संच जीएसटी धरून 531 रुपयांना ठरला. बाजारातल्या ‘अँटी-थेफ्ट’ स्क्रूंवर मी पैसे घालणार नाही.

चारचाकीला आणखी एक आधार आहे, काचेच्या आतला स्टिकर. त्यावर इंजिन-चासी क्रमांकासोबत दोन्ही प्लेटचे लेझर क्रमांक असतात आणि काढायला गेलं की तो फाटतो. चोरलेली प्लेट दुसऱ्या गाडीवर चढवली तर तिथे जुळत नाही. दुचाकीला मात्र हा स्टिकरच नाही, आणि माझ्या मते हीच मोठी फट आहे.

पण कुलूप कितीही पक्कं असलं तरी नंबर नुसता लिहूनही चोरता येतो. जानेवारी 2025 मध्ये मुंबईत ताज हॉटेलबाहेर एकाच नंबरच्या दोन गाड्या उभ्या सापडल्या. एकाने कर्जवसुलीवाल्यांना चुकवायला शेवटचा 3 बदलून 8 केला होता. खऱ्या मालकाच्या गाडीची कुठलीच प्लेट चोरीला गेली नव्हती. तिथे एचएसआरपी काही करू शकत नाही. आपल्या नंबरावरची चलानं महिन्यातून एकदा तपासणं एवढंच हातात आहे.

नवी प्लेट येईपर्यंत रेडियमची प्लेट लावून फिरू नका. गाडी घरीच ठेवा, आणि फिटमेंटला जाताना एनसीची प्रत बरोबर घ्या.