कायमची चावी की तासाभराची?

एडब्ल्यूएसवरचे (ॲमेझॉनच्या क्लाउडवरचे) लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, स्क्रिप्टने ओढायचे तर दोन वाटा आहेत. आयएएम (एडब्ल्यूएसची परवानग्या सांभाळणारी सेवा) युजरची कायमची ॲक्सेस की, नाहीतर रोल, म्हणजे परवानग्या असलेली भूमिका, घेऊन मिळणारी तात्पुरती क्रेडेन्शियल्स (ओळख पटवणाऱ्या चाव्या).

कायमची की सोपी. कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी टाकल्या की काम सुरू. पण आपण रद्द करेपर्यंत ती चालतच राहते, आणि घोळ तिथेच होतो. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात एकाने ती थेट स्क्रिप्टमध्ये चिकटवली आणि कोड गिटवर (कोडचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीवर) ढकलला. मी चर्चगेट लोकलमध्ये, एका हाताने दांडा धरून, फोनवरून ती बंद करत होतो. नवीन कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत) ओळ पुसून काही होत नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते.

रोलचं वेगळं. एसटीएसला (तात्पुरती क्रेडेन्शियल्स देणाऱ्या एडब्ल्यूएसच्या सेवेला) असूम-रोल, म्हणजे रोल घेण्याचा, कॉल केला की की, सीक्रेट आणि सेशन टोकन असा त्रिकूट मिळतो. टोकन पाठवायला विसरलात तर बसा डोकं खाजवत! मुदत सहसा १ तास, कमीत कमी १५ मिनिटं, रोलची मर्यादा वाढवली तर १२ तासांपर्यंत. मात्र एका रोलवरून दुसरा घेतला तर जास्तीत जास्त १ तासच. शिवाय क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएसवरच्या कृतींच्या नोंदवहीत) सेशनचं नाव दिसतं, म्हणजे कोणी काय केलं ते शोधता येतं.

ईसी२ वर (एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या सर्व्हरवर) स्क्रिप्ट चालत असेल तर मी रोलच लावतो. एसडीके (एडब्ल्यूएसशी बोलणारी तयार कोड-लायब्ररी) मुदत संपायच्या आत नवी क्रेडेन्शियल्स स्वतःच आणतं. परवानगी फक्त लॉग वाचण्यापुरती. आणि हो, रीजन (डेटा सेंटरचा विभाग) मुंबईचा, एपी-साउथ-१, आहे ना ते तपासा. नाहीतर लॉग ग्रुप (लॉगचा गट) सापडतच नाही.